तीन सेन्सर बदलले, तरी गाडी झटके मारतेच

पत्र

दादा, माझी पेट्रोल गाडी 2013 सालची आहे, 96 हजार किलोमीटर चाललेली. मी नाशिकला एका रुग्णालयात परिचारिका आहे, राहायला इंदिरानगरला. आई शहापूरला एकटीच असते, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी घाट उतरणं-चढणं होतं. एप्रिलमध्ये डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी-0171 कोड आला. "ओ-टू सेन्सर गेलाय," म्हणाले आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा हा सेन्सर बदलला. आठ दिवसांनी दिवा परत हजर. मग इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर बदलला, मग थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा टीपीएस, सोबत थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारी झडप) साफ केली. सगळे मिळून साडेतेरा हजार गेले. आता गाडी आधीपेक्षा वाईट चालते. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की दोन हजार आरपीएमच्या आसपास झटके मारते, पाय हलका केला की नीट. सिग्नलला उभी असताना इंजिन शांत असतं. पावसात त्रास वाढतो. गेल्या वेळी कसारा घाट चढताना एसी चालू होता, मागे कंटेनर होता आणि दिवा उघडझाप करायला लागला. मुलगी मागच्या सीटवर होती, जाम घाबरले. दुसऱ्या स्कॅनची स्लिप जोडली आहे, तिच्यावर पी-0171 आणि पी-0302 असे दोन कोड आहेत. गॅरेजवाले आता म्हणतात, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, बदलावा लागेल. त्याची किंमत ऐकून झोप उडाली आहे. गाडी विकून टाकू का?

उत्तर

ताई, ईसीएम घेऊ नका. गाडी विकायचा विचारही तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही जोडलेल्या स्लिपवरच अर्धं उत्तर लिहिलेलं आहे, त्याकडे येतोच. पण आधी घाटाबद्दल बोलू, कारण मला पैशांपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते.

पिवळा दिवा नुसता लागून राहिला असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो उघडझाप करायला लागला की मामला वेगळा. त्याचा अर्थ, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाहीये, आणि ते न जळलेलं पेट्रोल पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेट घेतंय. कन्व्हर्टरच्या आत सिरॅमिकची बारीक जाळी असते. ती इतक्या उष्णतेने वितळते, मग धूर बाहेर पडायची वाटच चोंदते. ओरिजिनल कन्व्हर्टर बहुतेक गाड्यांत तुमच्या साडेतेरा हजारांच्या पुढे जातो. आणि चढावर, मागे अवजड वाहन असताना गाडीने दम सोडणं किती वाईट, हे तुम्ही स्वतः अनुभवलंय.

म्हणून दुरुस्ती होईपर्यंत घाटात गाडी घालू नका. आईकडे जायचंच असेल तर नाशिक रोडहून कसाऱ्यापर्यंत रेल्वेने, तिथून लोकलने आसनगाव, आणि पुढे रिक्षाने शहापूर. त्रास होईल, पण जीवाला घोर नाही. वाटेत कधी दिवा पुन्हा उघडझाप करायला लागलाच तर एसी बंद करा, पाय हलका करा, एक गिअर खाली घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि डावीकडे रुंद जागा बघून थांबा. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढायला लावणं, ही त्या वेळी करायची सगळ्यात वाईट गोष्ट.

आता कोडचं. पी-0171 म्हणजे ईसीएमच्या मते मिश्रण पातळ झालंय, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. एवढंच. ओ-टू सेन्सर खराब झालाय, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. सेन्सरने धुरात ऑक्सिजन जास्त असल्याचं सांगितलं, त्यावरून ईसीएमने हा कोड नोंदवला. तुम्ही रुग्णालयात काम करता. रक्तातली साखर जास्त दिसली म्हणून कोणी आधी ग्लुकोमीटर बदलायला धावत नाही.

सेन्सर स्वतः बिघडल्याचे कोड वेगळे असतात. पुढच्या ओ-टू सेन्सरचे पी-0130 ते 0135, एमएपीचे पी-0105 ते 0109, टीपीएसचे पी-0120 ते 0124. तुम्ही कळवलेल्या दोन्ही स्कॅनमध्ये यातला एकही नाही. म्हणजे तीन सेन्सर बदलले गेले आणि तिघांपैकी एकावरही आरोप नव्हता. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण हे रोज घडतं. स्कॅनर स्वस्त झाले, घरोघरी आले, पण कोडच्या पुढची तपासणी करायला वेळ लागतो आणि त्या वेळाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. पार्ट बदलला की बिल दिसतं. तपासलं की दिसत नाही. तुमचा गॅरेजवाला लबाड आहे, असं मी म्हणणार नाही. तो अंदाजाने चाललाय, आणि त्या अंदाजाचा खर्च तुमच्याकडून जातोय.

ओ-टू सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो, धुरातलं न जळलेलं पेट्रोल कळत नाही. समजा चारपैकी एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही. त्या सिलिंडरमध्ये आलेल्या हवेतला ऑक्सिजन न वापरता तसाच सायलेन्सरकडे जातो. सेन्सरला तो भरपूर दिसतो, तो ईसीएमला कळवतो की मिश्रण पातळ आहे. ईसीएम बिचारा चारही सिलिंडरमध्ये पेट्रोल वाढवतो. जे तीन नीट होते त्यांना आता जास्त पेट्रोल मिळतं, ॲव्हरेज घसरतो, धुराला वास येतो, आणि ज्याला ठिणगीच नाही त्याला कितीही पेट्रोल पाजलं तरी उपयोग नाही. वाढवता वाढवता ईसीएमची मर्यादा संपली की पी-0171 नोंदला जातो. बिघाड ठिणगीचा आणि कोड पेट्रोलचा. नवा ओ-टू सेन्सर टाकला तरी तोही तेच सांगणार, कारण जुनाही खरंच सांगत होता.

उलटही घडू शकतं, हे मान्य. मिश्रण खरोखर पातळ असेल तर ते नीट पेटत नाही आणि गाडी मिसिंग मारते. पण पेट्रोल पंप कमजोर असेल किंवा फिल्टर चोंदला असेल तर चारही सिलिंडर उपाशी राहतात, आणि बहुधा पी-0300 (मिसिंग आहे, पण ठरावीक सिलिंडर नाही) येतो किंवा दोन-तीन सिलिंडरचे कोड एकदम येतात. तुमच्या स्लिपवर पी-0302 आहे. शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर सांगतो. एकटा दोन नंबर. तेव्हा संशय फक्त दोन नंबरच्या मालकीच्या वस्तूंवर: ठिणगी पाडणारा त्याचा प्लग, प्लगला वीज देणारी त्याची कॉइल, पेट्रोल फवारणारा त्याचा इंजेक्टर, त्याचे व्हॉल्व्ह, आणि मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं, त्याच्या तोंडाशी असलेलं पॅकिंग.

यातही माझा कल प्लग आणि कॉइलकडे आहे, आणि तो तुमच्याच पत्रामुळे. तुम्ही लिहिता, उभी असताना ठीक, दाबली की झटके. पाय दाबला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो, आणि त्या दाबात प्लगच्या फटीवरून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल आयडलिंगला वेळ मारून नेते. तिसरा गिअर, एसी आणि घाट एकत्र आले की तिचं बिंग फुटतं. पावसाचंही तसंच. ओल आली की विजेला प्लगच्या बाहेरून निसटायला वाट मिळते. थ्रॉटल बॉडी साफ झाल्यावर त्रास उलट वाढला, याचं मला नवल वाटत नाही. हवा मोकळी आली, दाब वाढला, ठिणगी आणखी उघडी पडली.

आता गॅरेजमध्ये बोनेट उघडल्यावर तुम्ही स्वतः शेजारी उभ्या राहा आणि बघा. इंजिन थंड हवं. सिलिंडर बहुतेक गाड्यांत टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूने मोजतात, गिअरबॉक्सकडचा शेवटचा. दोन नंबरच्या कॉइलचा कपलर (वायरचा जोड) काढायचा, बोल्ट सोडायचा, कॉइल वर ओढायची. मग मोबाइलचा टॉर्च त्या खोल भोकात मारा. तळाशी ऑइल चमकतंय का? 96 हजार किलोमीटरला टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि प्लगच्या नळ्यांची रबरी रिंग कडक झालेली असू शकते. ऑइल हळूहळू पाझरतं, कॉइलचं रबर त्यात भिजून फुगतं, मऊ पडतं, आणि वीज तिथून गळायला लागते.

मग प्लग बाहेर काढून पांढऱ्या सिरॅमिकवरून नजर फिरवा, उजेडात गोल फिरवत. वरच्या टोकापासून खालच्या षटकोनी धातूपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर चोर सापडला. ठिणगी फटीत पडण्याऐवजी त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळत होती. कॉइलच्या रबराच्या आतल्या बाजूलाही अशीच जुळती खूण बघायला मिळेल. अशा वेळी नुसता प्लग बदलून भागत नाही. जुन्या रबरातली खूण नव्या प्लगवरही काही दिवसांत तशीच रेघ पाडते. रबर वेगळं मिळत असेल तर ते, नाहीतर कॉइल, आणि प्लग, दोन्ही एकदम बदलावे लागतात. मात्र षटकोनी धातूच्या अगदी वर, सिरॅमिकभोवती फिकट तपकिरी वळं दिसलं तर घाबरू नका. उच्च व्होल्टेजमुळे ऑइलचे कण तिथे चिकटतात, तो दोष नव्हे. ते वळं बघून चांगला प्लग फेकून देणारे मेकॅनिकही आहेत.

प्लगची फटही मोजायला सांगा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ती 1.0 ते 1.1 मिलिमीटर असते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असेल. प्लग झिजला की फट वाढते, आणि फट वाढली की कॉइलवर ताण. प्लग दोन वर्षांपूर्वी बदलले असले तरी मोजाच. दुकानात किंवा बसवताना हातातून पडलेल्या प्लगच्या सिरॅमिकला केसाएवढा तडा जातो, तो डोळ्यांना दिसतही नाही.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो. काही इंजिनांत दर सिलिंडरला दोन प्लग असतात. जुन्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात तसे आठ आहेत, आणि मागचे चार काचेच्या बाजूला अडचणीत. अशा गाडीचे प्लग बदलून आणले असतील तर आठही जुने प्लग हातात मागून घ्या.

ताई, डोळ्यांना काही दिसलं नाही तरी पार्ट विकत घेऊ नका. दोन नंबरची कॉइल काढून चार नंबरला लावा, चारची दोनला. दोनचा प्लग तीनमध्ये, तीनचा दोनमध्ये. मार्करने खुणा करून ठेवा. स्लिपचा फोटो काढून मग कोड पुसा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून चालवा. यासाठी कसारा नको. सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना उड्डाणपुलाचा चढ पुरतो. एसी चालू, तिसरा गिअर, पंधराशे आरपीएमपासून पाय सावकाश पण पूर्ण दाबा. झटके आले की परत येऊन स्कॅनर लावा. पी-0304 आला तर कॉइल दोषी, कारण दोष तिच्यासोबत गेला. पी-0303 आला तर प्लग. पी-0302 च राहिला तर हे दोन्ही सुटले, आणि इंजेक्टर, कॉम्प्रेशन आणि पॅकिंगकडे वळायचं. यात एक रुपयाचा पार्ट लागत नाही. त्या वेळाची मजुरी मात्र न कुरकुरता द्या, ती खरी कमाई आहे.

कॉइलच निघाली तर आधी एकच ओरिजिनल घ्या आणि फरक पडतो का बघा. बाकीच्या तीन त्याच वयाच्या आहेत, त्या यथावकाश. प्लग मात्र चारही एकदम, गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या नंबरचेच.

आता पेट्रोलकडे येतो, कारण 2013 च्या गाडीबाबत ही बाब मोठी आहे आणि गॅरेजमध्ये तिच्याबद्दल क्वचितच बोललं जातं. हल्ली पंपावर मिळतं ते ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. तुमची गाडी बनली तेव्हा हे गृहीत नव्हतं. ई-20 ला मानवतील अशा साहित्याच्या गाड्या एप्रिल 2023 पासून येऊ लागल्या. साध्या पेट्रोलचा एक भाग नीट जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे त्याला 9 भाग पुरते. हिशेब केला तर ई-20 साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. जुन्या गाडीचा ईसीएम हे ओ-टू सेन्सरचं ऐकून आपोआप वाढवतो, त्यामुळे गाडी चालते. पण या वाढीतच त्याची काही मर्यादा आधीच खर्च झालेली असते. पूर्वी एखादा छोटा बिघाड तो निमूटपणे सांभाळून घ्यायचा. आता तोच बिघाड पी-0171 पर्यंत पोहोचतो.

म्हणून मेकॅनिकला स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे दोन आकडे दाखवायला सांगा, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. ईसीएम ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, ते हे आकडे सांगतात. ई-20 वर चालणाऱ्या जुन्या गाडीत दोन्हींची बेरीज अधिक पाच ते आठ दिसली तर मी काळजी करणार नाही. अधिक पंधरा-वीस दिसली तर कुठेतरी गडबड आहे. सगळं खापर इथेनॉलवर फोडून मोकळे होणारेही तुम्हाला भेटतील. त्यांना विचारा, इथेनॉल चारही सिलिंडरमध्ये जातं, मग एकटा दोन नंबरच का रुसलाय?

हे आकडे कुठे वाढतात तेही महत्त्वाचं. आयडलिंगला ठीक आणि दाबल्यावर वाढत जात असतील तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय. मग इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, म्हणजे रेलवर, प्रेशर गेज लावून चढावर काटा पडतो का, ते बघायला हवं. इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवतं, तो पंपाच्या जाळीत आणि फिल्टरमध्ये अडकतो, त्यामुळे ही शक्यता अगदीच लांबची नाही. गेज लावायचं काम पेट्रोलच्या लाइनवर आहे, ते जाणत्याच्याच हातून, थंड इंजिनावर.

"कुठेतरी व्हॅक्यूमचा पाइप फाटलाय" हेही तुम्हाला ऐकायला मिळेल. तुमच्या गाडीत एमएपी सेन्सर आहे, आणि बहुतेक अशा गाड्यांत हवा मोजणारा वेगळा सेन्सर नसतो. एमएपी मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. पाइप फाटून जास्तीची हवा आत आली तर त्याला दाब वाढलेला दिसतो आणि ईसीएम त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो. त्यामुळे मोठी गळती असेल तर मिश्रण पातळ होण्याआधी आयडलिंग चढतं. तुमचं शांत आहे, म्हणजे मोठी गळती मी धरत नाही. फक्त दोन नंबरच्या तोंडाशी पॅकिंग गळत असेल तर ती एका सिलिंडरला त्रास देऊ शकते. ती स्मोक टेस्टने, म्हणजे आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघून, सापडते.

बदललेले तीन सेन्सर आता नीट बसलेत का, हेही बघायला हवं, कारण नवा पार्ट चुकीचा निघू शकतो. एमएपीची परीक्षा आपल्याकडे फार सोपी आहे. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि स्कॅनरवर एमएपीचा आकडा वाचा. तेव्हा तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला 101 किलोपास्कल असतो. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, इथे तो 94 च्या आसपास असायला हवा, पावसाळ्यात किंचित कमी. तुमच्या नव्या सेन्सरने इंदिरानगरमध्ये उभं राहून 101 किंवा 87 दाखवला तर तो दुसऱ्याच गाडीचा आहे किंवा लोकल आहे. मग इंजिन चालू करा. गरम झालेल्या निरोगी इंजिनात, एसी बंद असताना, आकडा साधारण 30 ते 40 च्या दरम्यान खाली येतो.

टीपीएसला इंजिन बंद ठेवून पाय अगदी हळू दाबत न्या. आकडा अडखळल्याशिवाय, उड्या न मारता चढला पाहिजे. काही गाड्यांत तो बसवताना थोडा फिरवून जुळवावा लागतो, तसाच आवळला तर गाडी पाय दाबल्याचं उशिरा ओळखते. पुढच्या ओ-टू सेन्सरचा व्होल्टेज गरम इंजिनावर 0.1 ते 0.9 च्या मध्ये सतत खालीवर व्हायला हवा. त्याच्या आधी एक्झॉस्टच्या जोडाला फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तो खोटं पातळ दाखवतो. सेन्सर बदलताना जोड सैल राहिलेला नाही ना, ते हाताखालून बघून घ्या. तिन्ही कपलर टक् आवाज येईपर्यंत बसलेत का, आणि थ्रॉटल साफ करताना काढलेला एअर पाइप नीट आवळलाय का, हेही. जुने सेन्सर गॅरेजमध्ये असतील तर मागून आणा. ते ओरिजिनल आहेत आणि माझ्या मते तिन्ही चांगले आहेत. पुढे कधी शंका आली तर लावून बघायला उपयोगी पडतील.

अदलाबदलीनंतरही पी-0302 जागेवरच राहिला, तर इंजेक्टरही तसाच एकमेकांत बदलून बघता येतो, आणि कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडर मोजता येतात. दोन नंबर बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचं काम असू शकतं. ते मोठं काम आहे, पण आयडलिंग शांत असताना मला त्याची शक्यता कमी वाटते.

ईसीएमचा नंबर या सगळ्यानंतर येतो. त्याच्यावर ठपका ठेवायचा तर मेकॅनिकने तुम्हाला मीटरवर आणि स्कोपवर (विजेचा इशारा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) दाखवावं, की दोन नंबरच्या कॉइलच्या कपलरला 12 व्होल्ट येतात, अर्थिंग नीट आहे, ईसीएमपासून कॉइलपर्यंतची वायर अखंड आहे आणि तरीही ठिणगीचा इशारा येत नाही. वायर अखंड आहे का, हे मी मुद्दाम सांगतोय. पावसाळ्यात उबेला बोनेटखाली शिरणारे उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि टेपखाली दबलेली अर्धवट तुटलेली वायर झटक्यांचं कारण ठरू शकते. हे न दाखवता कोणी ईसीएमची किंमत सांगत असेल तर गाडी तिथून काढून आणा. अंबड, सातपूर, द्वारका, कुठेही जा, पण स्कोप असलेला आणि तो वापरता येणारा माणूस शोधा. आपल्या शहरात गाड्या आणि डिझेलचे इंजेक्टर बनतात, अशी माणसं इथे मिळतात.

गॅरेजमध्ये गेल्यावर एवढंच म्हणा: "कोड पुसू नका, आधी फ्रीझ फ्रेम दाखवा." कोड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती गरम, हे ईसीएमने साठवलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं. तुमच्या बाबतीत ते बहुधा घाटातलंच निघेल.

दुरुस्ती झाली की कोडसोबत ईसीएमने शिकलेले ट्रिमही रिसेट करून घ्या, नाहीतर तो काही दिवस सवयीने जास्तीचं पेट्रोल सोडत राहील. मग आठवडाभर शहरात चालवा आणि लाँग टर्म ट्रिम पुन्हा बघा. दहाच्या आत आला असेल, दिवा लागला नसेल आणि उड्डाणपुलावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सरळ ओढत असेल तर घाट चढायला हरकत नाही. गाडी झटके मारत नाही पण जोरात पळवताना दमते असं वाटलं, तर कन्व्हर्टर चोंदलाय का, ते बॅक प्रेशर मोजून बघायला लागेल, कारण घाटात त्याने थोडा का होईना मार खाल्लेला आहे. अदलाबदलीनंतरच्या स्लिपचा आणि चारही प्लगांचा फोटो सदराच्या पत्त्यावर पाठवा. पार्ट घेण्याआधी पाठवा.